चार डब्यांना कसला परवाना?

पत्र थोडक्यात : लातूरला भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. तीन वर्षांपूर्वी भाचा शिकायला आला, त्याच्या दोन मित्रांनाही डबा सुरू केला. आता दोन्ही वेळचे बावीस डबे जातात, महिन्याला प्रत्येकी २,८०० रुपये. नवरा रिक्षा चालवतो, डबे तोच पोचवतो. दिवाळीत फराळ, उन्हाळ्यात काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी अशीही विक्री होते. मागच्या महिन्यात हिंगोलीकडच्या एका मुलाच्या आईनं फोनवर विचारलं, "तुमच्याकडं एफएसएसएआयचा नंबर आहे का?" (एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण.) पाठोपाठ होस्टेलवाल्यानंही सांगितलं की नंबर नसेल तर डबा आत घेणार नाही. दीर म्हणतात, एकदा वहीत नाव गेलं की साहेब लोक दारात येतील, करायचंच असेल तर भावाच्या, म्हणजे ताईंच्या नवऱ्याच्या, नावावर करा. एका एजंटानं सहा हजार मागितलेत. घरमालकाला कळलं तर काय, ही धास्ती आणखी वेगळी. ताई विचारतात, "लेकरांना घरचे दोन घास खाऊ घालायचे तर त्यालाबी सरकारला विचारायचं का? अन् नंबर काढलाच तर हे सगळं मला झेपंल का?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. हो, सरकारला कळवावं लागतं. आणि हो, तुम्हाला झेपेल. पहाटे उठून बावीस जणांच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला हा अर्ज जड जाणार नाही.

'घरचे दोन घास' असं तुम्ही लिहिलंय, त्यामागची माया मला कळते. पण भाच्याला जेवू घालणं वेगळं आणि बावीस घरांतल्या लेकरांचा डबा पैसे घेऊन पोचवणं वेगळं. भाच्याच्या आईला तुमचं स्वयंपाकघर ठाऊक आहे. हिंगोलीच्या त्या आईनं ते कधी पाहिलेलं नाही, तिचं लेकरू मात्र तुमच्या हातचं दोन्ही वेळा खातं. तिच्या विचारण्याचा राग मानू नका. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा अन्नाचा व्यवसाय कशाला म्हणायचं हे सांगताना नफा होतो की नाही हे बघत नाही, आणि स्वयंपाक घरात होतो म्हणून सूटही देत नाही. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यालाही नियमांनी छोट्या अन्न व्यावसायिकांत धरलंय, म्हणजे गावातल्या सप्त्याची पंगतसुद्धा त्यात येते. आपल्याकडं नवरात्रात, महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. त्या वाचल्या की पंगतीला का धरलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र तुम्हाला लागणार आहे ती फक्त नोंदणी. परवाना मोठ्या धंद्यांसाठी असतो. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांत ही मर्यादा १२ लाखांची होती, आताची अर्ज करताना बघून घ्या. उलाढाल म्हणजे हातात आलेली सगळी विक्री. किराणा, गॅस, भाजी वजा करून जे उरतं ते इथं धरायचं नाही, आणि पुष्कळ जणी नेमक्या इथंच चुकतात. तुमचा हिशेब मी मांडून बघितला. बावीस डब्यांचे महिन्याला ६१,६०० रुपये, बारा महिने धरले तर ७ लाख ३९ हजार २००. सुट्टीत पोरं गावी जातात तेव्हाचे वजा करा, फराळाचे आणि मसाल्याचे मिळवा, तरी १२ लाख लांब आहेत. डबे पस्तीस झाले तर मात्र नुसत्या डब्यांचेच ११ लाख ७६ हजार होतात. तेव्हा आताची मर्यादा बघून परवाना लागतो का याची चौकशी करावी लागेल. म्हणून आजपासून एक वही घाला, रोज किती डबे गेले आणि किती पैसे आले एवढंच लिहायचं.

नोंदणीची फी नियमांप्रमाणे वर्षाला १०० रुपये आहे. एजंटानं मागितलेले सहा हजार म्हणजे तुमच्या दोन डब्यांच्या महिन्याच्या पैशांपेक्षाही जास्त. अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर भरायचा. तुमचा फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. सरकारी वाटावीत अशी नावं घेऊन जादा पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळंही आहेत, तेव्हा पत्ता नीट बघून उघडा. संगणकाची सवय नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात जा, नाहीतर तुमच्याकडं जेवणाऱ्या एखाद्या पोराला शेजारी बसवा. अर्जात व्यवसायाचा प्रकार विचारतात. त्यात घरगुती खानावळ आणि डबेवाले यांच्यासाठी वेगळा पर्याय आहे, तो निवडा. मसाला आणि चटणी तुम्ही तयार करून विकता, म्हणून तेही त्याच अर्जात सांगा. डब्याची नोंदणी केली आणि मसाला राहून गेला, असं व्हायला नको.

अर्ज गेल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस द्यायची, असं २०११ च्या नियमांत आहे. त्या मुदतीत काहीच उत्तर आलं नाही, किंवा तपासणी ठरूनही तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर छोटा व्यावसायिक काम सुरू करू शकतो, हेही त्याच नियमांत आहे. अर्जाची पावती म्हणूनच जपायची. नोंदणी झाली की चौदा आकडी नंबर मिळतो. प्रमाणपत्र स्वयंपाकघरात दिसेल असं लावा, बिल देत असाल तर नंबर बिलावरही टाका, आणि एक फोटो होस्टेलवाल्याला पाठवून द्या.

आता दिरांच्या भीतीकडं येते, कारण तुमच्या पत्रातला निम्मा मजकूर त्याच भीतीचा आहे. नाव वहीत गेलं की साहेब येतील, ही समजूत उलटी आहे. विक्रीसाठी अन्न जिथं तयार होतं किंवा साठवलं जातं तिथं जाऊन तपासायचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला २००६ च्या कायद्याच्या कलम ३८ नं दिलेलाच आहे. नोंदणी नसेल तरी ते येऊ शकतात. उद्या होस्टेलमधल्या चार पोरांना उलट्या झाल्या तर नोंदणी असो-नसो ते येणारच, आणि तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न नोंदणीचा असेल. कायद्यानं तुमच्याही बाजूनं काही लिहून ठेवलंय, ते दिरांना वाचून दाखवा. काही उणीव दिसली तर कलम ३२ प्रमाणे सुधारणेची नोटीस द्यावी लागते, तीत सुधारायला किमान चौदा दिवस मिळतात. अधिकाऱ्यानं नमुना घेतला तर तो पदार्थ तुम्ही ज्या भावानं विकता त्या भावानं पैसे द्यावे लागतात. आणि कारण नसताना, नुसता त्रास द्यायला माल जप्त केला तर कलम ३९ खाली अधिकाऱ्यालाच एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दारात आलेल्या माणसाचं ओळखपत्र मागायला कचरू नका. कागद न देता कुणी रोख मागत असेल तर देऊ नका, नाव आणि वेळ लिहून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्तांकडं जा.

घरमालकाला अर्ज करण्याआधीच सांगा. बावीस डबे दिवसातून दोनदा जिना उतरतात, ते त्यांना दिसत नसेल असं मला वाटत नाही. मालकांची खरी काळजी बहुतेक वेळा वीजबिलाची असते, मीटर व्यापारी होईल ही. महावितरणच्या घरगुती दराला वीज नियामक आयोगानं अशी सोय ठेवलीय की राहत्या घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या व मागच्या वर्षभरात ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुतीच दर लागतो. वर्षभराची बिलं पुढ्यात ठेवून बोला. भाडेकरारात घरगुती खाद्यव्यवसायाला हरकत नाही अशी एक ओळ घालून घेतली की पत्त्याच्या पुराव्याचंही काम होतं. ते नाहीच म्हणाले तर लपवून चालवू नका, जवळपास एखादी खोली बघावी लागेल. पण विचारायच्या आधीच नकार धरून बसू नका.

गॅसचं मात्र तुम्हाला आवडणार नाही असं सांगावं लागतंय. १४.२ किलोचा घरगुती सिलेंडर व्यवसायाला वापरता येत नाही. व्यावसायिक सिलेंडर १९ किलोचा असतो आणि महाग पडतो. बहुतेक डबेवाल्या बायका घरगुतीवरच रेटतात आणि २,८०० चा भावही त्याच हिशेबानं ठरलेला असतो. खरा गॅस धरून एका डब्याला काय खर्च येतो ते एकदा मांडा. शंभर-दोनशे वाढवावे लागले तर नव्या सत्रात वाढवा आणि मुलांच्या घरी फोन करून कारण सांगा. नंबर विचारणारी आई हे कारणही ऐकून घेईल.

इथपर्यंतचं सगळं कागदाचं होतं. मला त्यापेक्षा तुमच्या पाण्याची काळजी आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आपलं लातूर आहे. मांजरा धरण भरलं तर नळ, नाहीतर बोअर, टँकर आणि जार, असं प्रत्येक घराचं चालतं. छोट्या व्यावसायिकासाठी स्वच्छतेचे जे नियम आहेत त्यांत पिण्यायोग्य पाणी ही पहिल्या काही अटींपैकी एक आहे. जारचं पाणी गार असतं, पण गार म्हणजे शुद्ध नव्हे. कणीक, चटणी, ताक, कोशिंबीर यांत पडणारं पाणी उकळून गार केलेलं हवं, कारण चटणी आणि ताक पुन्हा चुलीवर चढत नाही. टाकी कधी धुतली ती तारीख टाकीवरच खडूनं लिहा. पाण्याचा स्रोत बदलला की नमुना जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तो अहवाल प्रमाणपत्राशेजारी लावा. हे काम नोंदणीची वाट न बघता उद्याच करा.

दुसरी काळजी डब्याच्या वेळेची. तुम्ही सकाळी सातला भरता, पोरं क्लास करून दीडला उघडतात. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या उष्णतेत जंतू झपाट्यानं वाढतात, आणि एप्रिल-मेमध्ये रिक्षातला आणि होस्टेलच्या ओट्यावरचा डबा साडेसहा तास नेमका त्याच उष्णतेत असतो. भाताचं तर फार जपा. भात शिजला तरी त्यातले काही जंतू बीजाणूंच्या रूपात टिकून राहतात, आणि भात कोमट राहिला की पुन्हा वाढून विष तयार करतात. ते विष नंतर फोडणी देऊनही जात नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीचा करून डब्यात घालत असाल तर ते आजपासून बंद करा, घरात तुम्ही काय खाता तो वेगळा भाग. उन्हाळ्याचे तीन महिने सकाळच्या डब्यात भाताऐवजी धपाटे, दशम्या, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी असा बेत ठेवता येईल. आपल्या आज्या शेतावर न्यायला तेच बांधून द्यायच्या, कारण ते टिकतं. पातळ भाजी द्यायचीच असेल तर दुपारचा डबा अकरानंतर भरून रिक्षाची फेरी पुढं ढकलता येते का, हे नवऱ्याशी बोलून बघा. पोळ्या पेपरात गुंडाळू नका. छापील शाई अन्नाला लागते म्हणून वर्तमानपत्रात अन्न बांधायला नियमांनीच मनाई केलीय. धुतलेलं सुती फडकं चांगलं.

आणि तुम्ही आजारी पडलात तर? जुलाब, कावीळ, विषमज्वर अंगात असताना स्वयंपाकाला उभं राहायचं नाही असं नियम सांगतात, पण बावीस पोरं उपाशी राहतील म्हणून बाई तापातही उभी राहते. गल्लीतल्या दुसऱ्या एखाद्या नोंदणी असलेल्या डबेवालीशी आधीच बोलून ठेवा. तिच्या अडचणीत तुम्ही, तुमच्या अडचणीत ती.

मसाल्याचा प्रकार वेगळा आहे. डबा रोजच्या रोज संपतो, मसाला वर्षभर कुणाच्या तरी फडताळात राहतो. दळलेला मसाला सुटा विकता येत नाही, पॅकबंदच विकावा लागतो. काळा मसाला असो की येसर, वाटीनं मोजून पिशवीत ओतून देणं चालणार नाही. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक (जो जास्त तो आधी), निव्वळ वजन, सगळ्या करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचा ती तारीख, बॅच, शाकाहाराची हिरवी खूण, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि नोंदणी क्रमांक यायला हवा. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते, मराठी सोबत घालता येते. नुसत्या मराठीत छापलेली हजार लेबलं वाया जाऊ शकतात, म्हणून छापखान्यात जाण्याआधी हे ध्यानात ठेवा. पहिल्या वर्षी शंभरच छापा.

चटणीला शेंगदाणे स्वतः निवडून घ्या. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा, चवीला कडू दाणा बाजूला काढायचा. ओल लागलेल्या दाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला घातक विष तयार होतं आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. स्वस्तात मिळाले म्हणून भिजलेल्या पोत्यातले दाणे घेऊ नका.

तुमच्यासारखीच पत्रं परभणी, बीड, धाराशिवकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठीही दोन गोष्टी. बचत गटाच्या नावानं पापड विकत असाल आणि पापड पाच जणींच्या घरी लाटले जात असतील, तर नोंदणी माल जिथं तयार होतो त्या जागेची असते हे विसरू नका. एक जागा ठरवून तिथंच लाटणं सोपं पडतं. भूमकडं खवा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की २०११ च्या नियमांत दुधाच्या पदार्थांना दिवसाला किती किलो माल होतो हा हिशेब लावलेला नाही, तिथं दिवसाला किती लिटर दूध हाताळता यावर मर्यादा ठरवलीय. आणि हळद, शेवया, कुरडया घरून विकणाऱ्या सगळ्यांना नोंदणी लागतेच, प्रदर्शनात एकच दिवस टेबल लावलं तरी.

राहिलं नाव. दिरांच्या सल्ल्यातला मला सगळ्यात जास्त खटकलेला भाग हा आहे. ते वाईट हेतूनं म्हणत नसतील; बायकोचं काम नवऱ्याच्या नावावर लावायची आपल्याकडं रीतच आहे. पण भाजी तुम्ही निवडता, मीठ तुम्ही बघता, अधिकाऱ्यानं पाण्याबद्दल विचारलं तर उत्तर तुम्हीच देणार. जबाबदारी तुमची आणि कागद दुसऱ्याचा, हे धड नाही. शिवाय पुढं या कागदावर पुष्कळ काही उभं राहतं. उद्यम नोंदणी आधारवर, फुकट होते आणि ती तुमच्या नावावर हवी. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं होतं. मसाल्याला गिरणी घ्यावीशी वाटली तर ती योजना अजून चालू आहे का याची कृषी कार्यालयात चौकशी करा. बँक तेव्हा विचारेल की गेली दोन-तीन वर्षं हा व्यवसाय कुणी केला. सगळे पैसे नवऱ्याच्या क्यूआर कोडवर जमा झालेले असतील तर तुमच्याकडं दाखवायला काय राहील?

म्हणून नोंदणी तुमच्या नावानं, बँक खातं तुमच्या नावानं, आणि डब्याचे पैसे त्याच खात्यात. नवऱ्याला रिक्षाच्या फेऱ्यांचे पैसे त्यातून द्या आणि वहीत खर्चाच्या बाजूला लिहा. एका डब्याचा खरा खर्चही त्यातूनच कळेल. दीर पुन्हा काही म्हणाले तर त्यांना रागावून बोलू नका, कलम ३२ आणि ३९ त्यांच्यापुढं ठेवा. अर्ज भरताना मोबाईलच्या रकान्यात नवऱ्याचा, दिरांचा किंवा सेवा केंद्रवाल्याचा नंबर पडू देऊ नका, तुमचाच टाका. ओटीपी, तपासणीचा निरोप, मुदतीची आठवण, सगळं त्याच नंबरावर येतं.